मित्राच्या घरी केलेल्या बिअरमध्ये यीस्ट कुठे घालावे?

बेळगावच्या टिळकवाडीत बसून बिअरच्या यीस्टवर लिहावे हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल, म्हणून कायद्याचे आधी सांगतो. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा पुढचे विवेचन बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या स्वयंपाकघरांसाठी नाही. ब्रिटनमध्ये मात्र स्वतःपुरती बिअर घरी करण्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही, आणि नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या मुलांपैकी काहींना हा नाद लागतो. माझा भाचा त्यांतलाच एक. त्याच्या फ्लॅटमध्ये वीस लिटरचे पातेले उकळण्याची सोय नाही, म्हणून तो दोन-तीन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या मित्राच्या परसात सगळा खटाटोप करतो. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेला मामा घरात असल्यामुळे फोन अर्थातच मला येतो: "मामा, यीस्ट तिथंच घालू काय घरी आणून घालू?"

माझे उत्तर असे की, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) काढा, म्हणजे वर्ट, यीस्टला मानवेल इतका थंड झाला की त्याच जागी यीस्ट घालावे आणि मग गाडीत ठेवावे. एल प्रकारच्या बिअरसाठी हे तापमान साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस असते. उकळताना वर्टमधले बहुतेक सगळे जंतू मरतात, पण थंड झाल्यावर तेच गोड, पौष्टिक पाणी हवेतून किंवा भांड्यावरून आलेल्या कोणत्याही जिवाणूसाठी मोकळे रान ठरते. हॉप्समुळे, म्हणजे कडवटपणासाठी वर्टमध्ये उकळलेल्या फुलांमुळे, जिवाणू वाढत नाहीत असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. हॉप्समधली कडू आम्ले लॅक्टोबॅसिलससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या जिवाणूंना रोखतात, परंतु ताज्या वर्टमध्ये झपाट्याने वाढणारे ग्रॅम-निगेटिव्ह या दुसऱ्या मोठ्या गटातले कित्येक जिवाणू त्यांना दाद देत नाहीत. यीस्टने एकदा जम बसवला की वर्टची आम्लता वाढते, अल्कोहोल तयार होऊ लागते आणि या मंडळींचा शिरकाव अवघड होतो. त्यामुळे वर्ट थंड होणे आणि यीस्ट पडणे यांत जितका वेळ जाईल तितका धोका वाढतो, आणि तो वेळ प्रवासात घालवण्याचे काहीच कारण नाही.

भाच्याला भीती होती ती हादऱ्यांची. विरजण लावलेले भांडे जागचे हलवू नये हे आपल्याकडे प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते, आणि तोच नियम त्याने इथे लावला होता. यीस्टच्या बाबतीत पहिले काही तास नेमके उलटे असतात. पेशींची संख्या वाढण्याआधी यीस्टला आपल्या पेशीपटलासाठी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले तयार करावी लागतात व त्यासाठी प्राणवायू लागतो. उकळण्यामुळे तो वर्टमधून जवळजवळ निघून गेलेला असतो. गाडीत भांडे हिंदकळले तर वरची हवा वर्टमध्ये मिसळते, आणि ते यीस्टच्या पथ्यावरच पडते. शिवाय यीस्ट घातल्यापासून फेस दिसेपर्यंत कित्येक तास, कधी कधी एक दिवसही जातो, त्यामुळे वाटेत वायूचा फार दाब होण्याची भीती नसते. तरीही झाकण हवाबंद आवळू नये. एअरलॉकमधले, म्हणजे वायू बाहेर सोडून हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या नळीतले, पाणी हिंदकळून सांडते किंवा आत ओढले जाते, म्हणून प्रवासापुरता तो काढून ठेवावा आणि छिद्रावर निर्जंतुक केलेला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घट्ट गुंडाळावा. भांडे पंचवीस-तीस लिटरचे असावे, काठोकाठ भरू नये, आणि वीस किलोंहून जड असलेला हा ऐवज डिकीत मोकळा न ठेवता आसनाच्या पट्ट्याने बांधावा.

खरी पंचाईत वर्ट थंड करायला तांब्याची नळी किंवा भरपूर गार पाणी नसते तेव्हा होते. चाळीस अंशांच्या कोमट वर्टमध्ये यीस्ट घालण्याचा मोह तेव्हा आवरावा. त्या तापमानाला साधे यीस्ट दुबळे होते किंवा मरते, आणि जगले तरी उग्र, डोके धरणारी अल्कोहोले तयार करते. यावर ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रुळवलेली पद्धत चांगली आहे. उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ऐंशी अंशांच्या वरचा गरम वर्ट काठापर्यंत भरायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचे आणि झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेने निर्जंतुक व्हावी म्हणून कॅन काही वेळ आडवा ठेवायचा. मग रात्रभर तो मित्राकडेच निवू द्यावा. वीस लिटर उकळते पाणी घेऊन हमरस्त्याला लागणे हा निव्वळ वेडेपणा आहे. घरी आणल्यावर वर्ट आंबवण्याच्या भांड्यात ओतताना मुद्दाम खळखळू द्यावा आणि लगेच यीस्ट घालावे. या पद्धतीत हॉप्स बराच वेळ गरम राहिल्यामुळे कडवटपणा थोडा वाढतो, तेवढा हिशेब आधी करावा. असा बंद कॅन आठवडेच्या आठवडे फळीवर ठेवण्याची प्रथा मात्र मला पसंत नाही. वर्टचा पीएच पाचाच्या आसपास, म्हणजे ४.६ या सुरक्षित मर्यादेच्या वर असतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत.

यीस्ट किती घालावे यात फारसे गूढ नाही. वीस-बावीस लिटरच्या साध्या एलला कोरड्या यीस्टचे अकरा ग्रॅमच्या आसपासचे एक पाकीट पुरते. पाकीट व कात्री दोन्ही जंतुनाशकात बुडवून घ्यावी, कारण परक्या स्वयंपाकघरात कशाला काय लागलेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

मित्राकडे मुक्काम लांबला आणि फेस वर आला, तर मात्र भांडे हलवू नये. ऐन भरात आलेली बिअर गाडीत उसळून बाहेर येते, आणि आंबणे संपल्यावर आत मिसळलेल्या हवेमुळे तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. अशा वेळी तिथेच आंबणे पूर्ण संपू द्यावे आणि मगच ती बाटल्यांत भरून न्यावी. उलट, घरी आणून दोन दिवस झाले तरी हालचाल दिसत नसेल, तर दुसरे पाकीट फोडण्याआधी हायड्रोमीटरने घनता मोजावी, ती उतरली असेल तर आंबणे चालू आहे; झाकण नीट न बसल्यामुळे वायू कडेने निघून जात असतो आणि आत बिअर व्यवस्थित आंबत असते, असे पुष्कळदा आढळते.