ड्रॅगन फ्रूट लावणं सोपं, कणकवलीहून घरी आणणं कठीण

ड्रॅगन फ्रूट जगवायला विशेष काही लागत नाही. ते घरी पोचवायला मात्र देवाला गाऱ्हाणं घालावं लागतं.

आम्ही देवगड तालुक्यात, तेही आतल्या वाडीत. घरामागे पडवीला लागून कातळ आहे, वर जेमतेम वीतभर माती. तिथे आंब्याचं कलम लावायचं तर सुरुंग लावून खड्डा मारायला हवा. शिवाय आहेत ती कलमंच पुष्कळ झाली, त्यांच्या फवारणीसाठी माणूस पकडून आणण्यात निम्मं वर्ष जातं. ड्रॅगन फ्रूटची मुळं खोल जात नाहीत, वरच्या फूटभर मातीतच पसरतात, हे कळलं तेव्हाच ठरवलं की ही जागा त्याची. हा कॅक्टस असला तरी वाळवंटातला नव्हे. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, झाडांवर, दगडांवर चढून वाढणारा. दमट हवा त्याला चालते, पाऊस चालतो, फक्त पायाशी पाणी साचलेलं चालत नाही. कोकणात हे होणार नाही असं मला सांगणारे सगळे घाटावरचे होते.

खरेदीचं थोडक्यात सांगते. इंटरनेटवर निळ्या ड्रॅगन फ्रूटच्या बिया विकतात, त्या घेऊ नका, असलं फळच नसतं. लाल साल आणि पांढरा गर, लाल साल आणि लाल गर, पिवळी काटेरी साल आणि पांढरा गर, हे तीन मुख्य प्रकार. बाजारातल्या फळाची बी रुजते, पण तिला फळ धरायला फार वर्षं जातात. कटिंग लावलं तर दीड-दोन वर्षांत फळ दिसतं. सांगोला, जत या दुष्काळी पट्ट्यात आता याच्या बागा आहेत. तिथल्याच एका बागायतदाराशी फोनवर बोलले. माणूस सरळ. म्हणाला, "ताई, लाल गराचं एकटं लावू नका. बऱ्याच लाल जातींना स्वतःचा पराग चालत नाही, फूल येतं आणि गळून जातं. सोबत पांढरं घ्या." दोन्हीची जून, कडेने जराशी राखाडी पडलेली, हातभर लांबीची कटिंगं ठरवली आणि पैसे पाठवले. त्याने दुसऱ्या दिवशी कुरिअरला दिली.

इथून पुढची कथा त्या कुरिअरची. कंपनीचं नाव घेत नाही, देवगडवाल्यांना ते सांगायलाही नको.

महिना मे. पार्सल कणकवलीपर्यंत झटपट आलं, तेवढं कौतुक त्यांचं. मग एका सकाळी मेसेज, आज पार्सल मिळेल. संध्याकाळी दुसरा, 'ग्राहक घरी नव्हते'. मी सकाळपासून मागच्या पडवीत फणस फोडून बसले होते. कोपरापर्यंत खोबरेल, बोटांना चीक, पुढ्यात गऱ्यांची परात. अशा अवस्थेतली बाई जाणार कुठे? पुढच्या खेपेला 'पत्ता अपुरा'. पत्त्यात घरक्रमांक, वाडी, गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड, सगळं होतं. आमच्या पोस्टमनला नुसतं आडनाव पुरतं. त्यानंतर तर कहर, 'ग्राहकाने तारीख बदलून मागितली'. कोणाकडे मागितली, ते मलाच कळलं नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी तीनचं बटण दाबलं आणि पलीकडून हिंदी ऐकलं. मॅडम गोड होत्या. दर वेळी चोवीस तासांत पार्सल मिळणार होतं.

मग एका मुलाचा फोन आला. "काकी, पार्सलाचो ओटीपी सांगा."

"गाडी खंय असा?"

"गाडी कणकवलीक."

"मगे ओटीपी आताच कित्याक?"

"सिस्टीमीत घालूचो लागता."

हे मात्र लक्षात ठेवा, मी काहीही विसरले तरी हे विसरणार नाही. खोका हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. एकदा तो दिला की त्यांच्याकडे 'पोच झालं' अशी नोंद पडते, आणि मग तुम्ही तक्रार करत बसा, पार्सल तुम्हाला मिळालेलं असतं. मी दिला नाही. त्याने फोन ठेवला.

शेवटी एसटी पकडून कणकवली गाठली. त्यांचं ऑफिस म्हणजे एक गाळा, आणि गाळ्यात छतापर्यंत आंब्याच्या पेट्या. पेंढ्याचा आणि पिकत्या हापूसचा वास असा की कोणालाही राग धरून ठेवणं जड जावं. मी धरला. लॅपटॉपवर बसलेल्या पोराने नंबर टाकला आणि मान वर न करता सांगितलं, "काकी, तुमचो पिनकोड ओडीएत येता."

ओडीए म्हणजे त्यांच्या डिलिव्हरीच्या हद्दीबाहेर. गाडी तिकडे पुरेसा माल साठला की जाते, आणि मे महिन्यात ती तिकडून आंबा उचलायला जाते, इकडून काही द्यायला नाही. मी विचारलं, गाडी आलीच नाही तर मी घरी नव्हते हे कोणी बघितलं? तर म्हणे, "तां सिस्टीम आपोआप घेता." ठीक. पार्सल कुठाय? "तां काल रिटर्न मारलां."

नियमाप्रमाणे ठरलेले प्रयत्न करून झाले की पार्सल परत जातं. हे सगळे प्रयत्न त्या गाळ्यात, त्या खुर्चीत बसून झाले होते. तक्रारवही मागितली, तर ती मॅनेजरच्या कपाटात आणि मॅनेजर सावंतवाडीला. माझ्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईच्या पेट्या टेम्पोत चढत होत्या, उद्या सकाळी लोकांच्या दारात पडायच्या. आमच्याकडून जाणारं फळ पळत जातं आणि आमच्याकडे येणारी काठी हद्दीबाहेर! परतीच्या एसटीत मी कंडक्टरशीही नीट बोलले नाही, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

घरी पोचेपर्यंत ईमेल आला होता. तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला गुण द्या. दिले.

पुढे नुसती वाट. परतीचं पार्सल जाताना ज्या वेगाने गेलं त्याच्या निम्म्यानेही परत फिरलं नाही. मी कटिंगांच्या नावाने पाणी सोडलं होतं. बागायतदार मात्र शांत. "ताई, हे मरत नाही. सुकलं तर जगतं, कोंडलं तर कुजतं." त्याने खोक्याला भोकं पाडून कटिंगं वर्तमानपत्रात गुंडाळली होती, प्लास्टिक कुठेच नाही, आणि कापलेली टोकं पाठवण्याआधी सावलीत आठवडाभर वाळवून घेतली होती. म्हणून वाचली. खोका उघडल्यावर त्याने फोटो पाठवला. एका कटिंगला बुडाशी पांढऱ्या मुळाचा कोंब आलेला. कुरिअरवाल्यांपेक्षा ते जास्त हललं होतं.

मग स्पीड पोस्ट. हे आधी का नाही, असं विचाराल, तर बागायतदाराकडे कुरिअरचा माणूस बांधावर येऊन माल उचलतो आणि पोस्टात त्याला स्वतः जावं लागतं. तर तुम्ही मागवताना आधीच सांगा, वरचे पैसे देते पण पोस्टानेच पाठव. मृगाचा पाऊस लागला होता. पोस्टमन रेनकोटच्या आत खोका धरून पायवाटेने आला, सही घेतली आणि म्हणाला, "काकी, निवडुंग पोस्टान मागवलात?"

आणखी एक मार्ग नंतर कळला आणि अजून चीड आली. शेजारणीने माझं बघून कोल्हापुराहून कटिंगं मागवली. ती भाजीच्या टेम्पोतून रात्रीत करूळ घाट उतरून पहाटे तळेऱ्याला हजर. ड्रायव्हरला चहापाण्याचे दिले, बस्स. एप्रिल-मेमध्ये काही मागवूच नका, आंबा संपू दे किंवा दसऱ्यानंतर मागवा.

लावणीत सांगण्यासारखं थोडंच आहे. भर पावसात जमिनीत लावली नाहीत. पडवीत पागोळ्यांपासून आत, कुंड्यांत रुजवली. लाल माती, नदीची वाळू, जुनं शेणखत आणि चिऱ्याचे बारीक तुकडे. समुद्राची वाळू नको, खारट असते. गणपतीनंतर कातळावर मातीचा उंचवटा करून बाहेर काढली. कुंपणाचा सिमेंटचा पोल, माथ्यावर सळईत अडकवलेला स्कूटरचा जुना टायर. वेल वर चढतो, टायरमधून बाहेर येतो आणि लोंबायला लागला की फुलं धरतो. त्याआधी बाजूला फुटणारे कोंब छाटत राहायचं. पोलाला नारळाची सोडणं सुतळीने बांधली, त्यात त्याची हवेतली मुळं पकड घेतात. चैत्र-वैशाखात दुपारचं ऊन पिवळं पाडतं, तेव्हा वर झावळं टाकते. पावसाआधी बोर्डो मारायचं, नाहीतर खोडावर डाग पडून ते कुजतं. एक टक्क्याचं, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पण दोन वेलांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? सुपारीवाले कोळेरोगासाठी तेच मारत असतात, त्यांच्याकडून बादलीभर मागून घ्या.

फुलांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. फूल संध्याकाळी सुटायला लागतं, रात्री पूर्ण उमलतं आणि सकाळी मान टाकतं. वीतभराहून मोठं, पांढरं, वासाचं. घरोघरचं आपलं ब्रह्मकमळ हाही कॅक्टसच, याच्या जवळच्या नात्यातला, तेव्हा शेजारणी हळदकुंकू घेऊन आल्या यात नवल नाही. त्या ओवाळत होत्या आणि मी हातात ब्रश घेऊन खोळंबले होते. त्याच्या मुलखात परागाचं काम वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. आमची वटवाघळं चिकू सोडून इकडे फिरकत नाहीत, त्यामुळे ते काम माझ्याकडे. पांढऱ्याच्या फुलातले पिवळे परागकोश वाटीत झटकायचे आणि ब्रशने लालच्या फुलात मधोमध ताऱ्यासारखं टोक असतं त्याला भरपूर लावायचे. मग उलटं. दोन्ही एकाच रात्री फुलली नाहीत तर पराग कोरड्या डबीत फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. जुलैचा पाऊस असेल तर पराग धुऊन जातो, म्हणून फुलावर जुनी छत्री उघडून पोलाला बांधली. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं.

फूल वाळून मागचा हिरवा गोळा फुगायला लागला की जमलं. साधारण महिना-सव्वा महिन्यात साल गुलाबी होते. रंग आला की लगेच तोडू नका, चार-पाच दिवस थांबा, कारण तोडल्यावर हे फळ आणखी गोड होत नाही. थांबायचं म्हणजे राखणही आली. बुलबुलांना रंग आमच्याआधी कळतो. जुन्या सुती साडीच्या पिशव्या शिवून बांधल्या.

चवीचं खरं सांगायचं तर पांढरं फिकं. थंड करून, लिंबू आणि मीठ लावून खावं. लाल गराचं गोड, आणि बोटं बिटासारखी रंगतात. शेजारच्या आजींना पहिलं कापून दिलं तर म्हणाल्या, "ह्येका काय चव नाय गे." हापूसवर वाढलेली जीभ, तिला काय सांगणार. पण दुसरी फोड त्यांनी मागून घेतली, आणि जाताना विचारलं, कटिंग कधी देतेस. फळं संपली की नोव्हेंबरात दाटी झालेल्या फांद्या छाटते तेव्हा न्या म्हटलं. माकडं अजून या कोपऱ्याकडे वळलेली नाहीत. वळली की काय करायचं, ते तेव्हा बघू.