द्राक्षं त्यांची, बाटलीही त्यांचीच

एक्स-रेच्या पडद्यावर कपडे, पुस्तकं, खाऊ हे सगळं नारिंगी छटांत दिसतं, धातू निळा दिसतो आणि काच हिरवट. त्यामुळे सूटकेसमधली वाइनची बाटली कधीच लपत नाही. साडीच्या घडीत गुंडाळा नाहीतर बुटात कोंबा, ती निमुळती मान आणि बुडाशी आत गेलेला खळगा कुठूनही ओळखू येतो. मुरगाव बंदरात क्रूझच्या मोसमात प्रवाशांच्या सामानाचं काम मी बघते. बॅगा उतरवून घेणं, टॅग लावणं, मशिनमधून पास करणं आणि जहाजाच्या ताब्यात देणं. अडलेल्या बॅगा बाजूच्या टेबलावर येतात आणि तिथून पुढचं बोलणं माझ्याकडे असतं.

बहुतेक वेळा ते बोलणं बाटलीवरूनच होतं. नियम कंपनीगणिक बदलतात. काही जहाजांवर बाहेरची दारू मुळीच चालत नाही. बऱ्याच परदेशी कंपन्या मात्र चढायच्या दिवशी प्रत्येक प्रौढ माणसाला 750 मिलीची वाइनची एक सीलबंद बाटली नेऊ देतात, पण ती हातातल्या पिशवीत हवी. केबिनमध्ये प्यायलात तर बहुधा वेगळे पैसे पडत नाहीत. डायनिंग हॉलमध्ये उघडून घेतलीत तर 15-20 डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून देण्याचे पैसे, लागतात. व्हिस्की, रम, फेणी यांना सवलत नाही. जहाजाच्या ताब्यात दिलेल्या सामानात वाइन सापडली तर तीही जहाजवाले काढून घेतात आणि काही कंपन्या प्रवासाच्या शेवटी परत देतात.

लोक म्हणतात, हे सगळं बारचा गल्ला भरावा म्हणून. गल्ल्याचा भाग आहेच, तो कोणी नाकारत नाही. पण बारवर घेतलेला प्रत्येक ग्लास कार्डावर नोंदला जातो आणि माणूस झुलायला लागला की बारवाला हात आखडता घेतो. बंद केबिनमध्ये हे कोण करणार? शेजारी बाल्कनी असते, खाली समुद्र असतो आणि जहाजावर असतो एक छोटा दवाखाना. मला स्वतःला हा नियम पटतो. तो लोकांना कधी आणि कुठे कळतो, हे मात्र अजिबात पटत नाही.

त्या दिवशी जहाज पहाटे मुंबईहून आलं होतं. संध्याकाळी कोचीकडे निघून पुढे मालदीवच्या मालेला जायचं होतं आणि गोव्यातूनही बरेच प्रवासी चढणार होते. सकाळीच चार तरुण मुलांच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा निघाला. पाणी आणि व्होडका पडद्यावर सारखंच दिसतं, म्हणून आम्ही बूच बघतो. नव्या बाटलीचं बूच फिरवताना कडी तुटल्याचा आवाज येतो. यांची बुचं अलगद फिरली. त्यांच्याशी फार बोलावं लागलं नाही. त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

अकराच्या सुमारास एक मोठी निळी सूटकेस अडली. आत दोन बाटल्या होत्या, नऊवारीत गुंडाळलेल्या, मध्ये टॉवेल, वर चिवड्याचे डबे. इतकी निगुतीनं बांधाबांध लबाडी करणारा माणूस करत नाही. टॅगवरचं नाव बघून चेक-इनच्या रांगेत निरोप पाठवला. पासष्टीचे एक काका आले, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मागोमाग काकू. फोंड्याला दिलेली त्यांची मुलगीही सोबत होती, पण ती फक्त सोडायला आली होती.

"ताई, आमचं काही चुकलं का?" हा पहिलाच प्रश्न. आवाजात भांडण नव्हतं, भीती होती.

मी बॅग त्यांनाच उघडायला सांगितली. काकूंनी लुगडं उलगडलं. रेड वाइनच्या दोन बाटल्या, दुकानातून आणाव्यात तशा सीलबंद, लेबलासकट. काकांनी एक उचलून माझ्यापुढे धरली. "ही आमच्या शिराजची आहे," ते म्हणाले.

निफाड तालुक्यातले बागायतदार. पूर्वी थॉम्पसन होती, खायची द्राक्षं. पाऊस आणि भाव यांनी दोन-तीनदा बुडवल्यावर त्यांनी एका वायनरीशी करार करून शिराज ही वाइनची जात लावली. एप्रिलात नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा ओसरला की फळासाठी गोडी छाटणी, तोडणी फेब्रुवारीच्या आसपास. पैसे वजनाबरोबर ब्रिक्सवर, म्हणजे मण्यात साखर किती उतरली त्यावर. इतकी वर्षं क्रेट भरून माल जात होता, पुढे त्याचं काय होतं ते यांना कधी दिसलं नव्हतं. गेल्या हंगामाची वाइन तयार झाल्यावर वायनरीतल्या माणसानं या दोन बाटल्या देऊन सांगितलं, "यात तुमच्या प्लॉटचाच माल आहे."

"मग घरी का नाही उघडलीत?" मी विचारलं.

काकूच बोलल्या. "सासूबाई माळकरी आहेत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बाटल्या मळ्यातल्या खोलीत ठेवल्या होत्या, त्यांना सांगितलंही नाही. पोरीनं बोटीचं तिकीट काढलं तेव्हा हे म्हणाले, समुद्रात उघडू, तिथं कुणाचा विटाळ होत नाही."

सूटकेसमध्ये का घातल्या, हे विचारल्यावर खरा घोळ कळला. तिकीट काढून देणाऱ्या एजंटनं ठासून सांगितलं होतं की बाटली हातात ठेवू नका, पकडतील, मोठ्या बॅगेत कपड्यांत घाला. विमानात तसंच असतं, बाटली सामानात टाकावी लागते, आणि हे दोघं मुंबईहून मुलीकडे विमानानंच आले होते. विमानाचा नियम त्या माणसानं बोटीला लावला. बोटीवर नेमकं उलटं असतं. शिक्षा मात्र भोगणार होते हे दोघं.

जहाजाचा सिक्युरिटी ऑफिसर येऊन बघून गेला. सामानात वाइन, तेव्हा जमा करायची, शेवटच्या दिवशी परत. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. पण शेवटचा दिवस मालेचा होता आणि मालदीवमध्ये प्रवाशाला दारू घेऊन उतरता येत नाही, तिथलं कस्टम्स ती काढून घेतं. म्हणजे बाटल्या त्यांना परत मिळाल्या असत्या त्या नेमक्या हातातून जाण्यासाठी. काकांना हे कळलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. बाटली परत नऊवारीत गुंडाळायला लागले. मला ते बघवेना.

मी ऑफिसरला थांबवलं. म्हटलं, वाइन चढायच्या दिवशी हातात हवी, इतकाच तुमचा नियम ना? आज चढायचाच दिवस आहे. ही बॅग अजून जेट्टीवर आहे, माझ्या ताब्यात, तुमच्या नाही. माणसं दोन, दोघं प्रौढ, बाटल्या दोन, सीलबंद, 750 मिलीच्या. मालक इथं उभा आहे. तो त्या बाहेर काढून हातातल्या पिशवीत ठेवतो आणि पुन्हा मशिनमधून जातो. कुठला नियम मोडला? तो म्हणाला, मग उद्या सगळेच असं करतील. मी म्हटलं, करू देत, तुमच्या नियमात तेच तर लिहिलंय. त्यानं सील तपासली, लेबलं वाचली, वरिष्ठांना वायरलेसवर विचारलं. पाचेक मिनिटं गेली असतील. मग मान हलवली. पोर्टर पोरगा मघापासून "कितें जालें?" विचारत घुटमळत होता, त्यानंच कुठूनशी जाड कापडी पिशवी आणून दिली.

काकांना मी कॉर्केजचं समजावून सांगितलं. कोचीच्या आधीच, पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर उघडून घ्या, एक ग्लास तुम्ही, एक काकू. दुसरीही मालेच्या आत संपवा, मागे ठेवू नका. बाटली उघडायचे पैसे ऐकून ते चमकले. "आमच्या बाटलीपेक्षा बूच महाग?" खरंच महाग होतं. तरी ते द्यायला तयार होते.

दुपारी मांडवीकाठ आणि जुनं गोवं बघून परतलेल्या प्रवाशांचा लोंढा आला, कुणाकुणाच्या पिशवीत काजू फेणी. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आमचं हे पेय मी स्वतः कौतुकानं लोकांना सांगते, पण गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या वाटेवर, ते जमा होतं. त्यांनाही दुकानदारानं काही सांगितलेलं नव्हतं. मालेला उतरणाऱ्यांपैकी कुणी टॅक्सीवाल्याला देऊन टाकली, कुणी पावती घेऊन नशिबावर सोडली.

आठवडाभरानं काकांच्या मुलीचा मेसेज आला. पहिल्या रात्रीच बाटली उघडली होती. वाढणारा पोरगा गोव्याचाच निघाला, लेबल वाचून आणि द्राक्षं कुणाची ते ऐकून त्यानं आजूबाजूच्या टेबलांनाही सांगितलं. काकू दोन घोटांवर थांबल्या. काकांनी ग्लास संपवला आणि म्हणाले, जिभेला तुरट लागतंय, बिया पुरत्या पिकल्या नव्हत्या, यंदा तोडणी आठ दिवस पुढे ढकलायला वायनरीशी बोलतो.

तेव्हापासून आमच्या मंडपात बॅगा पट्ट्यावर टाकायच्या आधीच एक माणूस उभा असतो. मराठी, कोंकणी, हिंदीत एवढंच विचारतो: बाटली आहे का? आहे तर हातात घ्या, किती चालेल ते सांगतो. अडणाऱ्या बॅगा बऱ्याच कमी झाल्या. मोसमाच्या सुरुवातीला तिकीट एजंटांना मी मराठीत अर्ध्या पानाचं पत्रक पाठवलं, तिकिटाला टाचून द्या म्हणून. काहींनी दिलं. काकांच्या एजंटला दोनदा फोन केला. तो अजून लोकांना बाटली सूटकेसमध्येच घालायला सांगतो.