कोल्ट १९११ पिस्तुलाच्या ग्रिप्सवर हाताने चेकरिंग: डावं पॅनल झालं, उजवं अर्ध्यावर

चेकरिंग म्हणजे पकड घट्ट बसावी म्हणून लाकडावर तिरक्या खाचा एकमेकींना छेदत कापून टोकदार छोटे डायमंड उठवायचे. मुठीच्या दोन बाजूंच्या लाकडी पट्ट्यांपैकी (पॅनल) डावं पॅनल तेल लावून वाळत ठेवलंय आणि उजव्यावर एका दिशेच्या सगळ्या रेघा टाकून झाल्यात. पॅटर्न कोल्ट १९११ च्या जुन्या अक्रोडी ग्रिप्सवरचाच, डबल डायमंड, म्हणजे दोन्ही स्क्रूंभोवती एकेक मोठा डायमंड कोरा सोडायचा आणि बाकी सगळं चेकरिंग. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी पिस्तुलांवर प्लास्टिक आलं, पण हातात धरायला लाकडासारखं काही नाही असं माझं ठाम मत आहे.

इंचाला २० ओळी घेतल्यात, म्हणजे दोन रेघांत १.२७ मिमी. २४ ओळी फोटोत भारी दिसतात पण माझं लाकूड ब्लॅक वॉलनट आहे, त्याची छिद्रं मोठी, फार बारीक गेलं की टोकं उडतात. इंग्लिश वॉलनटचा चांगला तुकडा मिळाला (काश्मीरच्या कोरीवकामातला अक्रोड तोच) तर २४ नक्की करणार. शेवटच्या खोलीसाठी ९० डिग्रीचा कटर वापरतोय, त्याने साधारण ०.६४ मिमी खोल गेलं की डायमंडला टोक येतं, ६० डिग्रीवाल्याने त्यासाठी १.१ मिमी जावं लागतं आणि डायमंड उंच, बारीक, नाजूक होतात. रोज हाताळायच्या ग्रिपला ९० च बरा.

आता उजव्या पॅनलची खरी गंमत. डायमंडची लांबी-रुंदी ३:१ ठेवली की दोन मास्टर लाइन्स (सुरुवातीच्या दोन रेघा, बाकीच्या सगळ्या यांना समांतर) एकमेकींना सुमारे ३७ डिग्रीत छेदतात, म्हणजे प्रत्येक रेघ पॅनलच्या लांबीशी साडेअठरा डिग्री तिरकी. या तुकड्यात लाकडाचे रेषेही थोडे तिरके आहेत, त्यामुळे एका दिशेच्या रेघा जवळजवळ रेष्यांना समांतर जातात आणि कटर आपली खाच सोडून रेष्याच्या मागे पळायला बघतो. डाव्या पॅनलला हा त्रास नव्हता. अशा ठिकाणी जोर अजिबात लावायचा नाही, छोटे छोटे स्ट्रोक, आणि ओढतोय वाटलं की पॅनल फिरवून उलट्या बाजूने यायचं, फरक लगेच कळतो.

स्पेसरची (सारख्या अंतराने रेघा मारणारा दोन दातांचा कटर) पहिली फेरी फक्त लाकूड खरवडल्यासारखी उथळ ठेवा हे मी सगळ्यांना सांगत असतो, कारण स्पेसरचा एक दात आधीच्या खाचेत चालतो आणि दुसरा नवी कापतो, मग एक ओळ वाकडी गेली की पुढच्या सगळ्या तिच्याच मागे जातात. उथळ असताना सिंगल लाइन कटरने तिला हळूच सरळ करता येतं, खोल गेल्यावर नाही. दर चार-पाच ओळींनी लवचिक प्लास्टिकची पट्टी लावून मास्टर लाइनशी समांतर आहे का ते बघायचंच, ग्रिपच्या गोलाईवर डोळा हमखास फसतो.

आता उजव्याच्या दुसऱ्या दिशेच्या रेघा, त्यासाठी नवीन कटर काढलाय कारण बोथट कटरने छेदाच्या जागी ढलप्या निघतात. बॉर्डरच्या दोनेक मिमी आधी थांबून टोकं छोट्या कटरने ओढून घेणार, मग पातळ केलेलं टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं, लाकडावर वाळणारं तेल) जुन्या टूथब्रशने. जाड तेल खाचांत साचून चिकट होतं. कोणी जवसाचं तेल चेकरिंगवर वापरलंय का, वर्षभराने कितपत काळं पडतं ते सांगा.