पार्किंगमधल्या एका मीटरसाठी साडेचार महिने

विजेवर चालणारी मोटार मी गेल्या वर्षी घेतली. गाडीची निवड, कर्ज, नोंदणी हे सारे पंधरा दिवसांत उरकले. पण पुण्यातल्या आमच्या सोसायटीत माझ्या हक्काच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचे मीटर लागायला साडेचार महिने गेले, आणि त्यांतले चार महिने केवळ सोसायटीच्या ना हरकत पत्रापायी गेले.

पहिला अर्ज मी एका पानाचा दिला होता. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यावर 'बघू' एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या बैठकीत आगीची शंका निघाली, तिसरी बैठक गणपूर्तीअभावी झालीच नाही, आणि चौथीत 'एकाला दिले की सगळे मागतील' असे म्हणून विषय सर्वसाधारण सभेवर ढकलला गेला. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली असून, वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय त्यात स्पष्टपणे दिलेली आहे. महानगरात नव्या जोडणीची मुदतही ७ दिवसांवरून ३ दिवसांवर आणली आहे. जिथे जोडणीला ३ दिवस पुरे मानले आहेत, तिथे दोन सह्यांसाठी ४ महिने लागावेत, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

या काळात गाडी मी सार्वजनिक केंद्रांवर चार्ज करत होतो. घराजवळच्या जुन्या डीसी (जलद) चार्जरची गन, म्हणजे गाडीत खोचायचा प्लग, जीबी/टी प्रकारची निघाली, आणि माझ्या गाडीला सीसीएस-२ या वेगळ्या प्रकारची लागते. गाडीच्या सॉकेटमध्ये वर एसी (घरच्या विजेवरच्या, संथ) चार्जिंगची सात छिद्रे आणि खाली डीसीची दोन जाड छिद्रे दिसली, तर ते सीसीएस-२ समजावे. केंद्रावर जाण्यापूर्वी तिथली गन कोणती आहे, हे अवश्य पाहावे. डीसी चार्जिंग ८० टक्क्यांनंतर बरेच मंदावते, त्यामुळे प्रवासात ८० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवून पुढे निघणे सोयीचे पडते.

आगीची शंका मात्र रास्त होती, आणि तिचे उत्तर कागदावर देणे माझे काम होते. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मी नकाशा काढून घेतला: मीटरच्या खोलीपासून माझ्या पार्किंगमधल्या खांबापर्यंत २८ मीटर आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल, तांब्याची, ६ चौरस मिलिमीटरची; जास्त भार आला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि वीजगळती झाली की ती तोडणारा आरसीसीबी; स्वतंत्र अर्थिंग. सोबत, सर्व खर्च माझा राहील आणि घर सोडताना जोडणी काढून घेईन, असे हमीपत्र दिले. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी नकाशा टेबलावर पसरला, केबलच्या रेघेवरून बोट फिरवत खांबापर्यंत नेले आणि विचारले, "पाण्याच्या टाकीजवळून तर जात नाही ना?" नाही म्हटल्यावर त्याच बैठकीत पत्र मिळाले. हा नकाशा पहिल्याच अर्जाला जोडावा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

अर्थिंगचे काम कधीही टाळू नये. ते कच्चे असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. चार्जर ७.२ किलोवॅटचाच हवा, हा माझा हट्टही अनावश्यक होता. रोज ४५ किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला ६-७ युनिट पुरतात. १५ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवरून रात्रीच्या ८ तासांत २० युनिट सहज भरतात. त्यासाठी मंजूर भारही (वीज कंपनीने जोडणीला मान्य केलेली किलोवॅटची मर्यादा) कमी लागतो आणि समितीचे प्रश्नही कमी होतात. स्वतंत्र मीटर मात्र घ्यावेच, कारण घरच्या मीटरवर गाडीचे युनिट मिळवले की घरगुती वापर वरच्या, महागड्या टप्प्यात जातो.

माझा नकाशा आणि हमीपत्राचा मसुदा सोसायटीने आता नमुना म्हणून फाइलला लावला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या महिन्यात त्याच नमुन्यावर अर्ज केला, आणि त्यांना ना हरकत पत्र ९ दिवसांत मिळाले.