वर पाठवावे

रोमन इतिहासावरच्या एका अनुवादित पुस्तकाची शेवटची प्रुफे मी तपासत होतो आणि ती संध्याकाळपर्यंत छापखान्यात जायची होती. इ.स.पू. 43च्या मे महिन्यात रोमन सेनापती डेसिमस ब्रूटसने वक्ता आणि राजकारणी सिसेरोला पाठवलेल्या पत्रापाशी मात्र मी अडलो. ज्युलियस सीझरचा तरुण दत्तक वारस ऑक्टेव्हियन याच्याविषयी सिसेरो म्हणे असे बोलला होता की, ‘त्या तरुणाची स्तुती करावी, त्याला मानसन्मान द्यावा आणि उंचावावे’, आणि ते कानावर गेल्याने ऑक्टेव्हियन नाराज झाला होता. खुद्द ब्रूटसला ही बातमी आणणाऱ्याचीच करामत वाटत होती, ते सोडा. पण एवढ्या कौतुकावर कोणी नाराज का व्हावे?

मूळ लॅटिन काढल्यावर उलगडा झाला. शेवटचा शब्द होता ‘तोल्लेन्दुम’, म्हणजे ‘तोल्लेरे’ या क्रियापदाचे रूप. उचलणे, उंच करणे हा त्याचा पहिला अर्थ. पण उचललेली वस्तू जागेवरून हलते, म्हणून दूर करणे, नाहीसे करणे आणि माणसाच्या बाबतीत ठार मारणे हेही अर्थ त्याला आहेत. याच क्रियापदाच्या ‘सुस्तुलित’ या भूतकाळी रूपावर सम्राट नीरोच्या काळी रोममध्ये एक चुटका फिरत होता: ट्रॉयचा वीर एनियस याने बापाला उचलले, नीरोने आईला. एकाने जळत्या ट्रॉयमधून, दुसऱ्याने जगातून. तिथे मराठीतले ‘उचलले’ चपखल बसते.

म्हणून अनुवादकांना फोन करून मी इथेही ‘उचलावे’ सुचवले. “अहो, पोलिसांनी उचलल्यासारखे वाटते ते. त्यात मान कुठे आला?” ते म्हणाले. हरकत रास्त होती. ‘चढवावे’ घेतले तर कशावर, डोक्यावर की फासावर, ते सांगावे लागत होते. मी तळटिपेवर आलो, तेव्हा त्यांनी वैतागून म्हटले, “त्यापेक्षा सरळ वर पाठवा ना त्याला!” क्षणभर दोघेही गप्प झालो आणि मग हसत सुटलो.

पत्रात लगेच ऑक्टेव्हियनचे उत्तर येते आणि तेही त्याच क्रियापदात आहे. प्रुफात तिथे ‘मला दूर करता येईल’ असा वेगळाच शब्द पडल्याने टोला हरवला होता. मी दुरुस्ती केली: ‘मला वर पाठवता येईल, अशी वेळ मी येऊ देणार नाही.’ पुढच्या पानावर त्याच वर्षीच्या 7 डिसेंबरला सिसेरोची हत्या होते. ठार मारायच्या माणसांच्या ज्या यादीत त्याचे नाव होते, ती काढणाऱ्या तिघांत ऑक्टेव्हियन होता. ते पान तसेच ठेवून मी फर्मा छपाईला सोडला.