दह्याचा स्वेटर

गोणीचं तोंड सोडलं आणि आमच्या हॉलमध्ये अख्खा कळप शिरला. म्हणजे मेंढ्या नव्हे, त्यांचा वास. ओलं गवत, घाम, लेंड्या आणि शिळं तूप एकत्र केलं तर साधारण कल्पना येईल. आईने नाकाला पदर लावला.

"अगं, हे काय उचलून आणलंस?"

"लोकर, आजी," माझी भाची म्हणाली.

"ही लोकर?"

आईचं चुकत नव्हतं. आमच्या घरात लोकर म्हणजे नाशिकच्या मेन रोडवरून आणायची वस्तू. अबोली, मोरपंखी, राणी. गुळगुळीत गुंडे, कागदी पट्टीवर नंबर. त्या लोकरीचे आईने नातेवाइकांत वाटण्याइतके स्वेटर विणले. त्यातली बहुतेक ॲक्रिलिकची, म्हणजे मूळ खनिज तेलातलं. मेंढीचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, तरी नाव लोकरच. आता खरी दारात आली तर तिच्याकडेच ओळखपत्र मागायची वेळ.

भाची नाताळच्या सुट्टीत हॉस्टेलवरून आलेली. आल्या आल्या निफाडला माझ्या मामेभावाकडे गेली. त्याला बोलायला वेळ नव्हता. पारा उतरला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवायच्या आणि दिवसा झोपेच्या डुलक्या काढायच्या, हा त्याचा डिसेंबर. पण शेजारच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. ही सरळ धनगराच्या पालावर जाऊन लोकर विकत मागायला लागली. "पैसं कशाचं, न्या की ताई," ते म्हणाले. "आता घेतंय कोण? फेकूनच देतो." हे सांगताना त्यांच्या अंगात मरून रंगाचा ॲक्रिलिकचा स्वेटर होता म्हणे. हा तपशील भाचीने तीनदा सांगितला.

लोकर धुणं हे प्रकरण वेगळंच आहे. रिठ्याच्या गरम पाण्यात बुडवायची, हात न लावता ठेवायची, अलगद काढायची. पहिलं पाणी टपरीवरच्या चहासारखं निघालं, दुसरं त्याच टपरीवरच्या कटिंगसारखं. तिसऱ्या पाण्याला मला राहवलं नाही. एक मूठ घेतली आणि मोज्यासारखी खसाखसा चोळली. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग कायमचे सुटत नाहीत. माझ्या हातात पुरणपोळीएवढी, जाड, घट्ट चकती आली. भाची काही बोलली नाही. आई बोलली.

मग गच्चीवर, उन्हात, पिंजणं. त्याचे खास कुंचे मिळतात, पण भाचीने कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आणले होते आणि त्यांचं काम झकास चाललं. लोकरीतून कुसळं निघाली, सराटे निघाले, एक वाळकं बाभळीचं पान निघालं. ती मेंढी कुठून कुठून चालत आली त्याचा हिशेब तिच्या अंगावरच लिहिलेला. वर पोरांच्या पतंगांची काटाकाटी सुरू होती. नाशकात संक्रांतीची वाट बघत कोणी थांबत नाही.

सूत कातायची टकळी घरीच केलेली: जुन्या गाण्यांची एक सीडी, भोकातून लाकडी दांडी, टोकाला तारेचा आकडा. आईने ती हातात घेतली मात्र, तिचा चेहरा बदलला. शाळेत मूलोद्योगाच्या, म्हणजे हातकामाच्या तासाला ती टकळीवर सूत काढायची. एका हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, दुसऱ्या हाताने टकळीला गिरकी. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. "कापूस आखूड असतो, जपून ओढावा लागतो," असं म्हणत तिने लोकरीची पुंजी बोटांत धरली, दांडीला चिमटीने गिरकी दिली आणि हात वर नेला. खाली टकळी फिरतेय आणि वर बोटांतून शेवयीसारखा करडा धागा उतरतोय. वीतभर, हातभर. मी बघतच राहिले. गुडघ्यांची तक्रार करणारी आई ती हीच का, असं वाटलं.

माझ्या धाग्याबद्दल थोडक्यात सांगते. मधे मधे अजगराने बोकड गिळल्यासारखे फुगवटे. पीळ कमी पडला की धागा सुटून टकळी पायावर, जास्त झाला की तो स्वतःशीच वेढे घालून रुसून बसायचा. "तुझ्या तोंडाची टकळी जरा थांबव" हे मी जन्मभर ऐकत आले आहे. ज्याने हा वाक्प्रचार काढला त्याने सूत कधी कातलं नसणार. टकळी दर दहा-पंधरा सेकंदांनी आपणहून थांबते.

दोन धागे एकत्र करून पुन्हा पीळ द्यायचा, पण उलट दिशेने. आधीचा पीळ सुटू बघतो, नवा त्याला धरून ठेवतो आणि धागा शांत होतो. शांत झालेला धागा गुंडाळायला शेजारच्या मुलाची मांजाची आसारी मागून आणली. त्याने ती एक तासाच्या बोलीवर दिली आणि तासाभराने खरंच दारात उभा राहिला. मग लडी करून, भिजवून, खाली पाण्याचा तांब्या टांगून दोरीवर वाळत घातली.

आठ नंबरच्या सुया, २४ टाके, सगळ्या ओळी सुलट. भाचीच्या मनात मफलर होता. धागा दोन वितींनंतर संपला आणि टाके बंद करावे लागले. तेवढी पट्टी तिने हौसेने गळ्याला लावली. पाच मिनिटांत मान लालेलाल.

त्यात लोकरीचा काय दोष? दख्खनी मेंढीची लोकर राठच. ती घोंगडीची लोकर. पाथरवटाला नाजूक नक्षीचा दागिना घडवायला सांगावा तसं आमचं झालं. सनगर लोक तिच्या धाग्याला चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणतात. भर पावसात तिची खोळ डोक्यावर घेऊन धनगर रानात उभा राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही. मेन रोडच्या मोरपंखी गुंड्याला हे सांगून बघा.

पट्टी दोन दिवस टीव्हीवर पडून होती. इकडे थंडीने दही लागेना. आईने पातेलं पिठाच्या डब्यात ठेवून पाहिलं, जुन्या शालीत गुंडाळून पाहिलं. सकाळी आपलं दूधच. तिसऱ्या रात्री तिने ती पट्टी उचलली, दाभणाने दोन्ही टोकं शिवली, वर नाडी ओवली आणि विरजण लावलेल्या बुडकुल्याला घातली. माझी ती चोळून बिघडवलेली चकती बुडाखाली. लोकर काही ऊब तयार करत नाही, पण तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते आणि आतली ऊब बाहेर जात नाही.

सकाळी दही असं लागलं होतं की चमचा उभा राहावा. शिवाय स्वेटर टोचतोय म्हणून त्याने तक्रारही केली नाही.

भाची हॉस्टेलवर परत गेली, गोणी माळ्यावर गेली. दह्याला मेंढीचा वास येतो की नाही, यावर मात्र घरात दोन तट आहेत. मी म्हणते येतो. आई म्हणते, मग तू खाऊ नकोस. तरी मी रोज वाटीभर घेते.