लॉग: ताई लाटेवर उठली, वेकबोर्ड मात्र रुसलाय

ताई उठली! वेकसर्फवर, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर (तीच वेक) फळीवरून सर्फिंग, टेक्सासमधल्या लेक ऑस्टिनला, थ्री-सिक्स्टी ब्रिजच्या जरा वरच्या अंगाला. मागची नोंद वाचलेल्यांना माहीत आहेच, ताई म्हणजे माझी नणंद, पन्नाशीची, कोल्हापूरची, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. लाइफ जॅकेट घालायला सांगितलं तर आधी अपमान झाल्यासारखा चेहरा. "मला पोहता येतं गं!" येतं हो, पण इथे पोहायचं नसतं, निवांत तरंगत दोराची वाट बघायची असते, आणि ते जॅकेटशिवाय जमत नाही. जॅकेट अमेरिकी कोस्ट गार्डच्या मान्यतेचंच घ्या. ती सडपातळ, झकपक कॉम्प वेस्ट (स्पर्धेतली जाकिटं) दिसायला भारी, पण बहुतेकांवर ती मान्यताच नसते. पहिल्या धड्याला नकोच.

वेकसर्फचं फार लिहीत नाही, कारण ते सुतासारखं सरळ गेलं. बोट ताशी जेमतेम 10-11 मैलांनी चालते, दोर वीसेक फुटांचा, पाय फळीला बांधलेले नसतात. पाठीवर तरंगायचं, टाचा आडव्या फळीच्या काठावर ठेवायच्या, दोर ताणला की टाचा दाबायच्या. फळी आपोआप उभी होऊन तळव्यांना चिकटते. मग काहीही न करता बसून राहायचं. हे "काहीही न करणं" ताईला छान जमलं. डावा पाय पुढे, म्हणजे रेग्युलर, म्हणून पोर्ट, म्हणजे बोटीच्या डाव्या, बाजूची लाट. पुढच्या पायावर वजन टाकलं की वेग, मागच्या पायावर टाकलं की ब्रेक. एका क्षणी दोर ढिला पडून पाण्याला टेकला आणि फळी चालतच राहिली. ताईने दोर सोडला नाही, पण तो ढिला झालेला तिने पाहिला, आणि तिचा चेहरा मी पाहिला!

एक गंमत. आनंदाच्या भरात तिने आम्हाला अंगठा दाखवला. पाण्यात अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वेग वाढवा". चालवणाऱ्याने इमानदारीत वाढवला, लाट लांबली, ताई पाण्यात. तेव्हा नवख्यांनो, खुणा किनाऱ्यावरच पाठ करा: अंगठा वर जोरात, खाली हळू, डोक्यावर थाप म्हणजे परत चला. पडल्यावर हात वर केला की "मी ठीक आहे".

आता खरं दुखणं. तीच ताई, तेच पाणी, आणि वेकबोर्डवर उठता उठेना.

मुळात काम वेगळं आहे. इथे दोन्ही पाय बाइंडिंगमध्ये, म्हणजे फळीवर बसवलेल्या बुटांत, अडकलेले, दोर लांब, वेग 16-18 मैल. फळी सुरुवातीला दोराला आडवी असते, म्हणजे सगळं पाणी तिच्या पोटावर येतं. ती आधी पाण्यावर यायला हवी आणि मग तिचं नाक, म्हणजे पुढचं टोक, बोटीकडे वळायला हवं. या दोन्हीच्या मधे जो उभा राहायची घाई करतो, तो पाण्याची भिंत ढकलत बसतो आणि शेवटी हँडल हातातून निसटतं.

पहिला संशय हातांवर. ओढ लागली की ताईचे कोपर विहिरीतून बादली शेंदल्यासारखे वाकायचे. हँडल छातीशी आलं की वजन मागे जातं आणि धाडकन पाठीवर. प्रशिक्षकाने हात सरळ, गुडघ्यांच्या बाहेरून, असं बसवून घेतलं. हात सुधारले, ताई तरी पडलीच, फक्त आता पुढच्या बाजूला. मग संशय गुडघ्यांवर: छातीशी घट्ट, टाचा ढुंगणाखाली, पाय ताठ करायचेच नाहीत. इथे प्रगती झाली. ताई उकिडवी, पाण्यावर, दोन्ही हात लांब, आणि बोटीत आमचा आरडाओरडा. पण फळी आडवीच राहिली. खांदे दोन्ही बोटीकडे सरळ रोखलेले, त्यामुळे नाक वळेना. हँडल पुढच्या कमरेशी, खाली ठेवलं की अंग आपोआप वळतं. हे तिला सांगून कळतं, पण पाण्यात शिरलं की विसरतं.

घरी गालिच्यावर सराव सुरू केलाय. नायलॉनच्या दोरीला लाटणं बांधलं, ताई उकिडवी, मी ओढते. गालिच्यावर ती अगदी बरोबर उठते, लाटणं कमरेशी, डावा खांदा पुढे. मग पाण्यातच का नाही?

पुढच्या वेळी बूम मागायचा विचार होता. बोटीच्या कुशीतून बाहेर निघालेला दांडा. तो धरला की प्रशिक्षक हाताच्या अंतरावर असतो. न्यू ब्रॉनफेल्सच्या केबल पार्कचंही मनात होतं, कारण तिथे बोटीऐवजी वरची तार ओढते, म्हणजे ओढ वरून येते. पण हे लिहिता लिहिता मी मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, सावकाश करून. मागची टाच! फळी पाण्यावर येताना ताईची मागची टाच बाइंडिंगमधून चांगली इंचभर वर येते. भाड्याची बाइंडिंग ओपन-टो, म्हणजे पुढे बोटं उघडी राहणारी, "सगळ्यांना बसते" म्हणून दिलेली. ताईचं पाऊल एवढंसं. टाच सुटली तर फळी वळवणार कशाने? 1985 च्या सुमारास सॅन दिएगोच्या टोनी फिनने आणि आपल्या ऑस्टिनच्या जिमी रेडमनने फळीला पायाचे पट्टे लावले, तिथून हा खेळ उभा राहिला. पाय पक्का नसेल तर बाकी सगळी शिकवण वाया. तेव्हा बूम रद्द, केबल रद्द. आधी बाइंडिंग.

क्रमही बदलतेय. यावेळी आधी सर्फ झालं, मग बॅलास्टच्या (लाट मोठी करायला बोटीत पाणी भरतात त्या) टाक्या रिकाम्या होईपर्यंत वाट बघत बसलो, कारण नवख्याला वेकबोर्डला लहान वेक लागते. तोवर रविवारची गर्दी आली. लेक ऑस्टिन अरुंद, काठाला भिंती, त्यामुळे प्रत्येक बोटीची लाट आपटून परत येते. आता आरशासारख्या पाण्यात सकाळी आधी वेकबोर्ड, मग टाक्या भरून सर्फ.

मालवणहून विचारणा झाली होती की बनाना राइडवाल्यांच्या बोटीमागे वेकसर्फ करता येईल का. नाही! त्या आउटबोर्ड, पंखा बोटीच्या मागे उघडा, आणि सर्फर त्याच्यापासून काही फुटांवर. वेकसर्फला पंखा बोटीच्या पोटाखाली असलेली बोटच हवी, बहुधा इनबोर्ड. लांब दोरावरचा वेकबोर्ड आउटबोर्डमागे चालतो. आणि कुठल्याही बोटीत इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या पायरीवर बसून पाय सोडू नका. कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो, त्याला वासही नसतो.

पहिल्या धड्याला जाणाऱ्यांनो, बोट तासावर मिळते, माणशी नाही, म्हणून चौघं मिळून जा. प्रत्येकाचा नंबर थोडाच वेळ येतो, आणि तेवढंच पुरतं. दुसऱ्या दिवशी ताईला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

ऑस्टिन-राउंड रॉक भागात कुणाकडे लहान पावलांची, क्लोज्ड-टो बाइंडिंग पडून असेल तर आठवड्याभरासाठी हवी आहे. ताईचं परतीचं तिकीट महिनाअखेरीचं आहे.